न बोलणारें वस्त्र

पोशाखाविषयीं गंभीरपणें लिहूं पाहणाऱ्याकडे आपल्याकडील विद्वान् मंडळी किंचित् हंसूनच पाहतात. आत्मा, राज्य, न्याय, संपत्ति हे विचार करण्याजोगे विषय; कोण काय नेसतें हा फार तर बायकांच्या बैठकींतला विषय, अशी एक जुनी समजूत आहे. त्यांतून नोकरीवर जाणाऱ्या स्त्रीनें काय घालावें हा प्रश्न तर अगदींच हलका. त्याचें उत्तर एखाद्या कापडवाल्यानें किंवा शिंप्यानें द्यावें, निबंधकारानें त्यांत पडूं नये! आम्हांस मात्र ही समजूत उलट बाजूनें तपासून पाहावीशी वाटते. ज्या प्रश्नाचें उत्तर पुरुषांना केव्हांच मिळून चुकलें, आणि जो स्त्रियांना अद्यापि रोज सकाळीं कपाटापुढें उभें राहून नव्यानें सोडवावा लागतो, तो केवळ कापडाचा प्रश्न असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

एखादा तरुण कारकून, अध्यापक किंवा वकील प्रथम कामावर रुजू होतो तेव्हां त्याची कपड्यांची तयारी एका संध्याकाळीं उरकते. दोनतीन फिक्या रंगाचे सदरे, दोन गडद विजारी, एक कातडी पट्टा, काळे बूट; फार तर एखादा कोट. हे कपडे सुंदर असतात असें नाहीं, आणि आपल्याकडच्या वैशाखांत गळपट्टा व कोट म्हणजे सोसण्याचीच गोष्ट आहे. परंतु त्यांच्या ठायीं एक गुण असा आहे कीं त्यापुढें बाकीच्या साऱ्या उणिवा क्षम्य ठरतात: हे कपडे कांहीं बोलत नाहींत. समोरचा मनुष्य एकदां पाहतो, हा कामावर आलेला गृहस्थ आहे एवढें समजतो, आणि पुढें तो काय म्हणतो तिकडे लक्ष देतो.

हें मौन त्या कपड्यांना उपजत लाभलेलें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत आपल्याकडील पुरुषाच्या डोक्यावरची पगडी किंवा पागोटें पाहून त्याची जात, त्याचा प्रांत, पुष्कळदां त्याचा धंदाही ओळखतां येत असे. पुढें अंगरख्याच्या जागीं इंग्रजी तऱ्हेचा कोट आला. त्या काळच्या छायाचित्रांत खालीं धोतर, वर कोट, डोक्यावर पगडी आणि पायांत पुणेरी जोडा, असा निरनिराळ्या राज्यांचा तह झालेला आपण पाहतों. मग पगडी जाऊन टोपी आली, टोपी जाऊन डोकें उघडें झालें, धोतर जाऊन विजार आली. थोडी कुरकुर झाली, थोडा विनोद झाला, आणि प्रकरण मिटलें. धोतराबरोबर संस्कृति बुडेल अशी भीति घालणारे त्याही वेळीं होतेच. परंतु त्यांचें फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं. संस्कृति अंगावर वागविण्याचें काम तोंवर घरांतील दुसऱ्या माणसाकडे सोंपवून झालें होतें.

त्या दुसऱ्या माणसाच्या वाट्याला मौन आलें नाहीं. कचेरींत जाणाऱ्या स्त्रीनें सुती साडी नेसली तर ती साधी कीं जुन्या वळणाची, असा विचार सुरू होतो. रेशमी नेसली तर आज काय विशेष, असें विचारलें जातें. पंजाबी पोशाख घातला तर ओढणी आहे कीं नाहीं, आणि असल्यास ती कोठें आहे, हें पाहिलें जातें. विजार आणि सदरा घातला तर ती पुढारलेली, आणि कुंकू, मंगळसूत्र ह्यांविषयींचा हिशेब निराळाच. बरें, ह्या सगळ्यांतून सुटावें म्हणून तिनें कपड्यांकडे लक्ष देण्याचेंच सोडलें, तर 'स्वतःकडे पाहत नाहीं' हा शेरा तयारच असतो. तिनें कांहींही अंगावर घातलें तरी तें एक विधान ठरतें, आणि आज आपणांस कांहीं विधान करावयाचें नाहीं, काम करावयाचें आहे, हें सांगणारें वस्त्र बाजारांत मिळत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील दूरचित्रवाणीवर सकाळचा कार्यक्रम सादर करणारे कार्ल स्टेफानोविक ह्यांनीं एकच निळा पोशाख जवळजवळ वर्षभर वापरला. २०१४ मध्यें त्यांनीं स्वतः सांगेपर्यंत तें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. त्यांच्या शेजारीं बसणाऱ्या लिसा विल्किन्सन ह्यांच्या कपड्यांवर मात्र प्रेक्षकांची टीका नित्य चालू असे, आणि तीच विषमता दाखविण्यासाठीं त्यांनीं हा प्रयोग केला होता. आपल्याकडील कोणत्याही शाळेंत एखाद्या बाईंनीं तीच साडी लागोपाठ तीन दिवस नेसून पाहावी. वर्षभर थांबण्याची गरज पडणार नाहीं.

आपल्याकडे ह्या प्रश्नाचा पहिला मोठा आघात जिला सोसावा लागला ती आनंदीबाई जोशी. १८८३ च्या फेब्रुवारींत श्रीरामपूर येथें भाषण करून, आपण हिंदू म्हणून जाऊं व हिंदू म्हणूनच परत येऊं, असें सांगून ती अमेरिकेस गेली. तेथें गेल्यावर शरीरशास्त्र आणि औषधिशास्त्र ह्यांबरोबर तिला आणखी एक विषय अभ्यासावा लागला, तो म्हणजे काय नेसावें हा. महाराष्ट्रीय नऊवारी लुगड्यांत पाय उघडे राहतात. तें फिलाडेल्फियाच्या थंडीला पुरेसें नव्हे आणि तेथील सभ्यतेच्या कल्पनांनाही मानवणारें नव्हे. इंग्रजी झगा घातला तर मायदेशीं दिलेल्या शब्दाचें काय? तिनें गुजराती पद्धतीनें साडी नेसण्याचा मध्यम मार्ग काढला. १० ऑक्टोबर १८८५ चें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: त्यांत साडी नेसलेली आनंदीबाई, किमोनो घातलेली जपानची केइ ओकामी आणि आपल्या देशाच्या वेषांतील सीरियाची साबात इस्लामबुली, अशा तीन विद्यार्थिनी शेजारीं शेजारीं आहेत. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईला पदवी मिळाली. पुढच्या फेब्रुवारींत, बावीस वर्षें पुरीं होण्याच्या आंतच, ती वारली. त्याच काळांत विलायतेस गेलेल्या आमच्या तरुणांनीं बोटीवर चढण्यापूर्वींच कोट-पाटलोण शिवून घेतली होती. परत आल्यावर त्यांना प्रायश्चित्त घ्यावें लागे तें समुद्र ओलांडल्याबद्दल. पाटलोणीबद्दल कोणीं घेतल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, हें सारें परदेशच्या संसर्गानें उत्पन्न झालें. आपल्या जुन्या व्यवस्थेंत काम करणाऱ्या स्त्रीला कपड्यांची पंचाईत नव्हती. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे, पण तें अर्धें. कासोटा घालून नेसलेलें लुगडें हा श्रमाचा उत्कृष्ट पोशाख आहे ह्यांत शंका नाहीं. भाताची लावणी करणारी, उसाच्या फडांत वांकणारी, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बंदरावरून झपाझप येणारी कोळीण, ह्यांचे पाय मोकळे असतात, पदर खोंचलेला असतो, हात रिकामे असतात. पैशाला कनवट आहे, बारीकसारीक जिनसांना ओचा आहे, पानसुपारीला कमरेची चंची आहे. म्हणजे खिसा शोधीत बसण्याचें कारण नाहीं. गंमत अशी कीं, स्त्री घराबाहेर शाळेंत व कचेरींत जाऊं लागली तेव्हां नेमकें हेंच वस्त्र मागें पडलें. पांढरपेशा घरांत कासोटा गेला आणि परकरावर नेसावयाची पांचवारी गोल साडी आली. ह्या नेसणीच्या घडणींत मुंबईचाही हात आहे. सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यांत अधिकारी असतां त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी ह्यांनीं येथील पारशी स्त्रियांची नेसण पाहिली व झंपर-परकरासह ती बंगाल्यांत नेली. घराबाहेर पडावयाचें तर अंगभर वस्त्र हवें, ही त्यामागची निकड होती. परिणाम मात्र मोठा चमत्कारिक झाला. जिला चिखलांत वांकावयाचें तिला दुटांगी वस्त्र, आणि जिला सुटत्या आगगाडींत चढावयाचें तिला एकटांगी!

तेव्हां कासोटा परत आणावा म्हणजे झालें, असें कोणास वाटेल. परंतु सोयीच्या ह्या युक्तिवादाला एक मोठा अडसर आहे, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. डिसेंबर १९२७ मध्यें महाडला सत्याग्रह परिषदेच्या वेळीं डॉ. आंबेडकर अस्पृश्य समाजांतील स्त्रियांपुढें बोलले. तुमच्या लुगडें नेसण्याच्या रीतीवरून व अंगावरच्या दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जातां. वरिष्ठ वर्गांतील स्त्रिया नेसतात तसें नेसा, तीं जड भूषणें टाका, असा त्यांचा उपदेश होता, आणि जमलेल्या स्त्रियांनीं तो तेथल्या तेथें अमलांत आणला. बाहेरून पाहणारा ज्या आखूड नेसणीला 'श्रमाला सोयीची' म्हणून वाखाणील, ती नेसणारीच्या अंगावरचा शिक्का असूं शकते. तो शिक्का पुसावयाचा तर पाय झांकणारें, किंचित् गैरसोयीचें वस्त्रही मोक्षासारखें वाटेल. आनंदीबाईला आपण कोण आहों हें वेषानें सांगावयाचें होतें. महाडच्या स्त्रियांना, आपणांस कोण ठरविलें आहे हें वेषानें सांगावयाचें नव्हतें. दोघींच्याही बाबतींत वस्त्राला बोलावयास लावणारे लोक दुसरेच होते.

मग सर्वांना सारखा गणवेश, हा उपाय सुचतो. त्याची उत्तम परीक्षा न्यायालयांत होते. पाटणा हायकोर्टानें १९२१ सालीं सुधांशुबाला हाजरा ह्यांना केवळ स्त्री म्हणून वकिली नाकारली. १९२३ च्या कायद्यानें ती आडकाठी निघाली, आणि मुंबईच्या हायकोर्टांत मिठन टाटा (पुढें लाम) वकिली करूं लागल्या. आज वकिलांचा पोशाख १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखालीं भारतीय वकील परिषदेनें केलेल्या नियमांनीं ठरतो. काळा कोट आणि गळ्यापाशीं पांढरी पट्टी ही दोन लक्षणें स्त्रीपुरुष दोघांना समान. त्याखालीं स्त्रीला साडी चालते, लांब झगा चालतो, विजार चालते, सलवार-कुडता चालतो. रंग पांढरा किंवा काळा असावा, साडी इतर रंगाची असल्यास तो सौम्य असावा व तिच्यावर नक्षी नसावी. कुडत्यावर ओढणी घेतली तरी चालेल, न घेतली तरी चालेल, असेंही नियमांतच लिहिलें आहे. ओढणीच्या ऐच्छिकपणाला नियमाचा आधार द्यावा लागावा ह्यांतच पुष्कळ इतिहास आला. तथापि हा पोशाख आम्हांस चांगल्यांपैकीं वाटतो. काळ्या कोटाखालीं गरिबी झांकते, जात झांकते, रूपही पुष्कळ अंशानें झांकतें, आणि न्यायाधीशांस ऐकू यावयाचें तें अशिलाचें म्हणणें तेवढें उरतें. उणीव एवढीच कीं, तो कोट मुळांत परक्या देशांतील पुरुषाच्या अंगावर बेतलेला आहे. साडीचा पदर कोटाच्या आंत घ्यावा तर खांद्यावर फुगवटा येतो, बाहेर ठेवावा तर पट्टी झांकते. आणि मे महिन्यांत कोट काढण्याची सवलत खालच्या न्यायालयांपुरतीच आहे, हायकोर्टांत नाहीं. हें शेवटलें दुःख पुरुषांनाही आहे, हें सांगितलें पाहिजे.

परंतु प्रत्येक गणवेश असा उदार असतो असें नाहीं. शहरांतील मोठ्या गृहसंकुलांत मूल सांभाळणाऱ्या बाईला जो गणवेश देतात तो तिच्या कामाला उपयोगी पडावा म्हणून दिलेला क्वचित् असतो. ही आमच्यांतली नव्हे, एवढें एकच वाक्य तो दिवसभर बोलत असतो. म्हणून गणवेश चांगला कीं वाईट, असा प्रश्न आम्ही विचारीत नाहीं. तो कोणाला सोडवितो व कोणाला बांधतो, हें पाहतों.

आतां ह्या प्रश्नाचें जें अंग सर्वांत कमी चर्चिलें जातें त्याकडे वळूं. कामाचे कपडे मिळविण्याची जबाबदारी कोणाची? १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यांत ह्याविषयीं एक बोलकें कलम होतें. चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी करणें, तेल देणें अशीं धोक्याचीं कामें खास शिकविलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेंच करावीं. त्यानें अंगाबरोबर बसणारे कपडे घालावे. आणि ते कपडे कारखानदारानें पुरवावे. स्त्रीला काय? जेथें इजा होण्याचा संभव आहे तेथें चालत्या यंत्राची सफाई करण्यास व त्यास तेल देण्यास तिला मनाई. एकाच धोक्याला दोन उत्तरें! पुरुषाला धोका आहे म्हणून त्याला मालकाच्या खर्चानें कपडे. स्त्रीला धोका आहे म्हणून तिला कामच नको. तिलाही अंगाबरोबर बसणारे कपडे शिवून देतां येतील, ही गोष्ट त्या कलमाच्या कर्त्यांना सुचली नाहीं. हा कायदा २०२५ च्या नोव्हेंबरांत नव्या संहितेनें मागें टाकला. पण त्यांतली विचारसरणी कायद्याबरोबर रद्द होत नसते. मार्च २०१९ मध्यें अमेरिकेच्या अंतराळसंस्थेनें केवळ दोन स्त्रियांनीं करावयाचा पहिला अवकाशसंचार ऐन वेळीं बदलला. ॲन मॅक्लेन व क्रिस्टिना कोक ह्या दोघींनाही मध्यम मापाचा पोशाख बसत होता, आणि त्या मापाचें धडावरचें आवरण वेळेवर एकच तयार होऊं शकत होतें. एका पुरुष सहकाऱ्यास बाहेर धाडण्यांत आलें. कोक आणि जेसिका मीर ह्यांनीं तो संचार १८ ऑक्टोबर रोजीं पुरा केला. माणसाला पृथ्वीबाहेर नेणाऱ्या संस्थेची ही कथा, तर आमच्या पेठेंतील तयार कपड्यांच्या दुकानदाराला काय बोल लावावा?

त्या दुकानदाराच्या फळीवर पुरुषाचा सदरा गळ्याच्या मापाच्या आंकड्यानें मिळतो. स्त्रीसाठीं लहान, मध्यम, मोठें अशीं तीन-चार अक्षरें आहेत, आणि एका दुकानाचें मध्यम दुसऱ्याचें मोठें असतें. भारतीय अंगमापांचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून सरकारच्या फॅशनशिक्षणसंस्थेनें पंचवीस हजार माणसांचीं मापें घेण्याची योजना आंखली, ही गोष्ट ह्या शतकांतली. तोंवर परदेशी मापांवरच भागत आलें. मग शिंप्याकडे जावयाचें. प्रत्येक साडीला निराळी चोळी, तिच्या शिलाईची वाट पाहणें, सुती साडीला खळ, इस्त्री, निऱ्यांना टांचणी, पदराला टांचणी. ह्या साऱ्याला पैसे पडतात आणि पैशांहून अधिक वेळ पडतो. आणि तो वेळ पगारांत धरलेला नसतो. दोन विजारींवर आठवडा काढणाऱ्या पुरुषाइतकाच पगार घेणारी स्त्री त्या पगारांतून एक अदृश्य कर रोज सकाळीं भरीत असते. खिशाचें तर काय सांगावें! स्त्रीच्या कुडत्याला तो बहुधा नसतोच, आणि परदेशी धाटणीच्या विजारीला असला तरी त्यांत किल्लीही नीट राहत नाहीं. हातांत कायमची एक पिशवी आली ती अशी. कनवट सोडून आम्हीं काय मिळविलें, असें आमच्या आज्यांनीं विचारलें तर निरुत्तर व्हावें लागेल.

अलीकडे सरकारांनींही ह्यांत लक्ष घातलें आहे. महाराष्ट्र शासनानें डिसेंबर २०२० मध्यें आपल्या नोकरांसाठीं, आणि मार्च २०२४ मध्यें शिक्षकांसाठीं, पोशाखाविषयीं आदेश काढले. पहिल्यांत दर शुक्रवारीं खादी वापरावी असेंही होतें. उलट केरळ शासनानें नोव्हेंबर २०२१ मध्यें, अध्यापिकांवर साडीची सक्ती करतां येणार नाहीं, असें संस्थांस बजावलें. हा दुसरा आदेश आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो. त्यानें काय घालावें हें सांगितलें नाहीं. सांगण्याचा अधिकार कोणास नाहीं, एवढें सांगितलें. कामाला जेवढा पोशाख खरोखर लागतो, म्हणजे शस्त्रक्रियेंत स्वच्छ झगा, भट्टीपाशीं जाड कापड, न्यायालयांत काळा कोट, तेवढा मागण्याचा अधिकार कामाला जरूर आहे. आणि जो मागतो त्यानें तो पुरवावा, व पुरवितांना कोणाच्या अंगावर तो चढावयाचा आहे हें पाहावें. ह्यापलीकडे 'शोभेल असा', 'शालीन' वगैरे शब्द आदेशांत आले कीं तेथें कामाचा संबंध संपतो आणि बघणाऱ्याच्या आवडीचा सुरू होतो.

आणि बघणाऱ्याचें काय? वैद्यांचा पांढरा एप्रन हें कामानेंच घडविलेलें एक निर्दोष वस्त्र आहे. स्त्रीपुरुष दोघांना तें सारखें. त्याला मोठाले खिसे आहेत. खालीं साडी असो कीं विजार, तें झांकून टाकतें. न बोलणारें वस्त्र म्हणून आम्हीं ज्याचा ध्यास घेतला त्याच्या इतकें जवळ दुसरें कांहीं नाहीं. तरीसुद्धां गळ्यांत स्टेथोस्कोप अडकवून खाटेपाशीं आलेल्या डॉक्टरीण बाईंना रोग्याचे नातलग 'सिस्टर' म्हणून हांक मारतात, आणि डॉक्टर केव्हां येणार असें विचारतात. परिचारिकेचें पद कमी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण शेजारीं उभ्या असलेल्या, त्याच एप्रनमधील पुरुषाला कोणी 'ब्रदर' म्हणत नाहीं. शिंप्यानें आपलें काम चोख केलें तरी डोळे आपलेंच वाचीत राहतात.

२४ सप्टेंबर २०१४ रोजीं भारताचें यान मंगळाच्या कक्षेंत शिरलें तेव्हां बंगळूरच्या इस्रो केंद्रांतील एक छायाचित्र जगभर गेलें: रेशमी साड्या नेसलेल्या, केसांत फुलें माळलेल्या स्त्रिया आनंदानें एकमेकींना भेटत आहेत. शास्त्रज्ञ अशाही दिसूं शकतात, म्हणून सर्वत्र कौतुक झालें; साडीवर लेख आले. नंतर इस्रोनें खुलासा केला कीं, त्या स्त्रिया कार्यालयीन कर्मचारी होत्या. मोहिमेवर काम करणाऱ्या कित्येक स्त्रीशास्त्रज्ञ त्या वेळीं नियंत्रणकक्षांत होत्या. मोहिमेच्या कार्यवाहींत उपसंचालकपदाचें काम पाहणाऱ्या नंदिनी हरिनाथ व रितू करिधाल ह्यांचीं नांवें पुष्कळांनीं त्यानंतर, साड्यांची चर्चा ओसरल्यावर, प्रथम ऐकलीं.